अकरा दिवसांचा कोळसा

पार्ल्याहून बोलतोय.

मागून येणारा हा सूं-सूं आवाज पंख्याचा नाही आणि कुकरचाही नाही. तो माझ्या बॉयलरचा आहे. पाणी प्यायच्या तांब्याएवढा, तांब्याचाच बॉयलर. तो चालवणार आहे एक इंजिन, ते इंजिन फिरवणार दोन चाकं आणि ती चाकं ढकलणार एक मीटर लांबीची बोट. दोन्ही कुशीला चाकं असलेली जुनी आगबोट असते ना, तिचं हे मॉडेल.

गेले आठ महिने तुम्ही मेसेज करताय, "दादा, बोटीचं काय झालं?" तर आज बोटीचं काय झालं ते सांगतो. पण त्यासाठी आधी १८३० सालात जावं लागेल. कारण इंजिन कुठलं घ्यायचं आणि बॉयलर केवढा, हा जो प्रश्न मला पार्ल्यातल्या दोन खोल्यांच्या घरात पडला, तोच प्रश्न मुंबईच्या गोदीतल्या माणसांना दोनशे वर्षांपूर्वी पडला होता. त्यांचं उत्तर चुकलं, आणि त्या चुकीचे धागे पार आपल्या वासुदेव बळवंत फडक्यांपर्यंत जातात. कसे, ते येईलच.

ह्यू लिंडसे नावाची बोट

मुंबईची गोदी म्हणजे वाडिया घराणं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि पुढच्या पिढ्यांनी इथे सागवानाची अशी जहाजं बांधली की इंग्रजांच्या आरमारातही त्यांना मान होता. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. सागवान आहे बाबा, मरत नाही.

पण ही सगळी शिडाची जहाजं. इंग्लंडला जायचं तर आफ्रिकेला वळसा घालून, चार-पाच महिने. तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत गेलं आणि तिथून जमिनीवरून भूमध्य समुद्र गाठला, तर केवढा तरी वेळ वाचेल हे सगळ्यांना दिसत होतं. अडचण वाऱ्याची होती. तांबड्या समुद्रात वारा वर्षाचे कित्येक महिने नेमका तोंडावर येतो. म्हणून वाऱ्याची पर्वा न करणारी बोट हवी होती.

नवरोजी जमशेदजी वाडिया गोदीचे मुख्य बांधणारे असताना, १८२९ च्या ऑक्टोबरमध्ये, 'ह्यू लिंडसे' पाण्यात उतरली. ४११ टनांची, सागवानी अंगाची आणि पोटात प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं. २० मार्च १८३० ला कॅप्टन जॉन विल्सन तिला घेऊन मुंबईहून सुएझला निघाला.

आता गंमत ऐका. ही बोट बांधली होती साधारण साडेपाच दिवसांच्या कोळशाच्या हिशोबाने, आणि एडनला पोचायला लागणार होते अकरा दिवस. मग काय केलं? आपण गणपतीला गावी जाताना गाडी भरतो तसा कोळसा भरला. तळघर भरलं, केबिन भरल्या, प्रवाशांची बसायची जागा भरली, डेकवर ढीग रचले. बोट इतकी खाली बसली की चाकं नको तेवढी पाण्यात गेली. पॅडलच्या चाकाचं गणित असं, की त्याची फळी पाण्यात एका ठरावीक खोलीपर्यंतच बुडायला हवी. जास्त बुडली तर चाक पाणी मागे ढकलायच्या ऐवजी वर उचलत बसतं आणि ताकद वाया जाते. म्हणजे जास्त कोळसा भरला म्हणून बोट हळू, आणि हळू म्हणून कोळसा जास्त! पुढे कोळसा संपत जातो तशी बोट वर येते आणि चाकं उथळ पडतात.

अकराव्या दिवशी 'ह्यू लिंडसे' एडनला लागली, तेव्हा तिच्यात किती कोळसा उरला होता? सहा तासांचा. फक्त सहा तासांचा, मंडळी! अजून एक दिवस लागला असता तर ती अरबी समुद्रात नुसती डुलत राहिली असती.

पुढचा कोळसा आधीच शिडाच्या जहाजाने वाटेवर पाठवून ठेवला होता. वाफेची बोट चालावी म्हणून शिडाच्या जहाजाने कोळसा वाहायचा! एडनला थांब, कोळसा भर, पुढे जा, परत भर, असं करत २२ एप्रिलला ती सुएझला पोचली. ३३ दिवस, आणि त्यातले बरेच दिवस नुसते कोळसा भरण्यात गेले.

आता धागा जोडू. या मार्गावर आगबोटी चालवायच्या तर मध्ये कोळशाचं ठाणं पाहिजे, ही गोष्ट कंपनी सरकारच्या डोक्यात पक्की बसली. जानेवारी १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन ताब्यात घेतलं. त्यामागे कोळसा हे एक मोठं कारण होतं. पुढे कित्येक दशकं एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. म्हणूनच वासुदेव बळवंत फडक्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली तेव्हा त्यांना ठेवलं कुठे? एडनच्या तुरुंगात. तिथून ते एकदा निसटले, पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच गेले. शाळेत आपण 'एडन' नुसतं पाठ करतो. ते तिथे का आहे, याच्या उत्तरात एका बोटीचा कमी पडलेला कोळसाही आहे.

इंजिन

हे सगळं वाचून मी ठरवलं, मॉडेल करायचं तर 'ह्यू लिंडसे'सारख्या बोटीचं. उत्साहाच्या भरात पहिली खरेदी केली ती स्वस्तातल्या इंजिनाची. एक सिलिंडर, आणि तोही एका बाजूनेच वाफ घेणारा. वाफ पिस्टनला ढकलते, परत यायला फ्लायव्हीलचा झोका. टेबलावर छान पळतं. बोटीत घातलं तर दोन अडचणी. एक म्हणजे ते टोकाला अडकलं की आपणहून सुटत नाही, बोटाने ढकलावं लागतं. बोट तळ्याच्या मध्यावर असेल तर बोट घालणार कोण? (हो, शब्द तोच, मला माहीत आहे.) दुसरी, ते पळतं वेगात, आणि पॅडलचं चाक फिरायला हवं हळू.

इथे पंखा आणि पॅडल यांतला फरक लक्षात घ्या. बोटीच्या मागचा पंखा लहान असतो आणि भरभर फिरतो. पॅडलचं चाक मोठं, संथ, पण त्याला जोर लागतो. माझ्या चाकांना मिनिटाला शंभरेक फेरे पुष्कळ. म्हणून मी दोन सिलिंडरचं इंजिन निवडलं. दोन्ही सिलिंडर दोन्ही बाजूंनी वाफ घेणारे, आणि त्यांचे क्रँक एकमेकांशी काटकोनात. एक टोकाला अडकलेला असतो तेव्हा दुसरा मध्यावर जोरात असतो, त्यामुळे झडप उघडली की इंजिन स्वतःहून सुरू होतं. इंजिनाचे ३०० फेरे, मध्ये तीनास एक गिअर, चाकाचे १००.

आता एक कबुली. १८२९ च्या सुमाराला समुद्रावरच्या आगबोटीत सहसा 'साइड लिव्हर' इंजिन असायचं, म्हणजे खाली दोन्ही बाजूंना जाडजूड तुळया वरखाली हलताहेत असं. ते छोट्या आकारात बनवायचं तर लेथवर वर्ष गेलं असतं. मी घेतलं ते डुलणाऱ्या सिलिंडरचं इंजिन. त्यात सिलिंडरच क्रँकबरोबर डुलतो आणि डुलता डुलता स्वतःची वाफेची भोकं उघडतो-मिटतो. भाग कमी, बिघाड कमी. पॅडलच्या मोठ्या बोटींत ते आलं, पण जरा नंतर. १८५८ च्या 'ग्रेट ईस्टर्न'ची चाकं अशाच इंजिनाने फिरायची. तेव्हा अभ्यासू श्रोत्यांनो, माझ्या बोटीचं इंजिन तिच्या वयापेक्षा लहान आहे. मला म्युझियमच्या काचेतली बोट नको होती, पाण्यात चालणारी हवी होती.

माझगावचं कारंजं

लहान इंजिन करून काय मिळतं, असं घरी सगळ्यांनी विचारलं. माझ्याकडे एकच उत्तर होतं : अर्देशीर करसेटजी वाडिया.

जन्म १८०८. चौदाव्या वर्षी गोदीत कामाला. घरात लाकडी जहाजांची परंपरा, आणि या मुलाला वेड लागलं वाफेचं. त्याने एक अश्वशक्तीचं छोटं इंजिन बनवलं आणि घरच्या विहिरीवर बसवलं. विहिरीचं पाणी वर चढायचं आणि घरासमोरचं कारंजं उडायचं. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. आपल्या सोसायटीचा पाण्याचा पंप असतो ना, तेवढीच ताकद. पण ते स्वतः घडवलेलं, आणि तेही मुंबईत, जिथे अजून आगगाडी यायला वीस वर्षं होती.

१८३३ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्याने 'इंडस' नावाची ६० टनांची छोटी आगबोट पाण्यात उतरवली. १० फेब्रुवारी १८३४ ला आपलं माझगावचं घर आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली, तेव्हा बघायला गव्हर्नर आला होता. १८३९ मध्ये तो इंग्लंडला गेला. २७ मे १८४१ ला रॉयल सोसायटीचा फेलो झाला, हा मान मिळालेला पहिला भारतीय. रामानुजन नंतर, बऱ्याच नंतर.

त्याच वर्षी कंपनीने त्याला मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचा मुख्य इंजिनिअर नेमलं. त्याच्या हाताखाली इंग्रज कामगार आले. तेव्हा मुंबईतल्या एका इंग्रजी वृत्तपत्राने शंका काढली, की 'नेटिव्ह' माणूस कितीही शिकलेला असला तरी इंग्रज कामगारांवर देखरेख करू शकेल का? त्याने १८५७ मध्ये निवृत्त होईपर्यंत काम करून दाखवलं.

पार्ल्याहून हार्बरची गाडी पकडली की थेट डॉकयार्ड रोडला उतरता येतं, तेच माझगाव. मी एका रविवारी गेलो. रस्त्यावर उभं राहून ते कारंजं कल्पून बघितलं. मला पटलं की छोटं इंजिन हा पोरखेळ नसतो. आधी ते जमलं, मग बोट जमली.

बॉयलर आणि आजोबा

आता खरी भानगड.

माझे आजोबा १९६० साली कोकणातून आगबोटीने मुंबईला आले. ती बोट पंख्याची, चाकांची नव्हे, पण शब्द तोच. आग आणि बोट, दोनच शब्दांत सगळी कथा! नंतर १९८२ च्या संपापर्यंत ते एका कापडगिरणीत बॉयलरवर होते. त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चट्टा आहे. लहानपणी मी विचारलं की म्हणायचे, "तेल सांडलं होतं."

मी ऑनलाइन एक बॉयलर मागवला. पितळी, चकचकीत, स्वस्त. घरी आला, उघडला, आजोबांनी हातात घेतला. फिरवून बघितला, सांध्यावर नख फिरवलं आणि म्हणाले, "याला डाग साध्या कथलाचा दिलाय. हा पेटवायचा नाही."

मी म्हटलं, "आजोबा, एवढासा तर आहे!"

ते काही बोलले नाहीत. बाही वर केली. "हे तेल नव्हतं रे. गेजची काच फुटली होती. माझा हात गेला एवढंच. शेजारच्याचे डोळे गेले."

पासष्ट वर्षं मुंबईत, आणि घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. आजीलासुद्धा त्यांनी तेलच सांगितलं होतं, नाहीतर तिने गिरणीत जाऊ दिलं नसतं.

तो पितळी बॉयलर आता कपाटावर आहे, शोभेला. आणि मी शिकायला बसलो. तुम्हीही ऐका, कारण बाजारात अशी खेळणी खूप आहेत.

एक लिटर पाण्याची वाफ साध्या दाबाला साधारण १,६०० लिटर जागा मागते. धोका इथेच आहे. बॉयलर फुटतो तेव्हा आतलं तापलेलं पाणी एका क्षणात वाफ होऊ बघतं. कथलाचा साधा डाग दोनशे अंशांच्या आसपास वितळतो, आणि बॉयलरचं पाणी संपलं की पत्रा तिथे सहज पोचतो. म्हणून सांधे चांदीच्या झाळाने जोडायचे, तो सहाशेच्या पुढे वितळतो. पितळेच्या पत्र्याचं अंग नको, कारण गरम पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि धातू ठिसूळ होतो. तांबं घ्यायचं.

मग आम्ही दोघं तांबाकाट्याला गेलो. तांब्याची ७५ मिलिमीटर व्यासाची नळी, दोन्ही टोकांना झाकणं, आणि पोटाखालून आगीत उतरणाऱ्या पाच बारीक नळ्या. या नळ्यांतलं पाणी लवकर तापतं आणि वर चढतं, त्यामुळे बॉयलर लहान असूनही वाफ पुष्कळ देतो. झाळकाम एका जाणकार कारागिराकडून करून घेतलं. तिथे हौस चालत नाही.

आणि चाचणी? वाफेची नाही, पाण्याची. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा, हवा अजिबात ठेवायची नाही आणि हातपंपाने दाब चढवायचा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा गेला तरी नुसती चिळकांडी उडते, स्फोट होत नाही. मला काम करायचं होतं ३० पौंडांवर, आजोबांनी ६० पर्यंत चढवला आणि घड्याळ लावून समोर बसले. दोन थेंब दिसले. बॉयलर परत गेला. दुसऱ्यांदा एकही थेंब नाही. तेव्हा कुठे सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज आणि पाण्याची काच बसली. काचेभोवती आजोबांनी स्वतः जाळीचं कवच केलं.

या सगळ्या नियमांमागेही इतिहास आहे. १८६३ मध्ये कलकत्त्याला बॉयलरचा मोठा स्फोट झाला, माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. १९२३ मध्ये सगळ्या देशाला एक कायदा झाला. पुढे त्यातून २५ लिटरच्या आतले बॉयलर वगळले. माझा तर अर्ध्या-पाऊण लिटरचा. म्हणजे मला विचारायला कोणी इन्स्पेक्टर येणार नाही. घरात एक होता, हे माझं नशीब.

हिशोब

आता 'ह्यू लिंडसे'ने केला नाही तो हिशोब. वही-पेन्सिल नको, सोपा आहे.

सिलिंडर १० मिलिमीटर व्यासाचा, पिस्टनची चाल १२. दोन सिलिंडर, दोन्ही बाजूंनी वाफ. एका फेऱ्याला साधारण पावणेचार घनसेंटिमीटर वाफ लागते. ३०० फेऱ्यांना मिनिटाला सव्वा लिटरच्या आत. ३० पौंड दाबाची एवढी वाफ म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम पाणी. पण लहान इंजिनात बरीच वाफ थंड धातूला लागून वाया जाते. का? वस्तू लहान केली की तिचं वजन घनाने घटतं, पण पृष्ठभाग वर्गानेच घटतो. ४८ पट लहान मॉडेलचं वजन एक लाखाहून अधिक पटीने कमी होतं, अंग मात्र दोन हजार तीनशे पटीनेच. म्हणजे पोटाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून थंडी जास्त वाजते! लहान बाळाला टोपडं घालतो, तसंच मी बॉयलरला लाकडी पट्ट्यांचं पांघरूण घातलं आणि हिशोब दुप्पट धरला, मिनिटाला चार ग्रॅम पाणी.

काचेच्या वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत दीडशे मिलिलिटर पाणी, म्हणजे ३७ मिनिटं. स्पिरिटचा दिवा मिनिटाला साधारण ग्रॅमभर स्पिरिट खातो. मी मोठी टाकी बसवणार होतो, मस्त अर्धा तास चालेल अशी.

आजोबा म्हणाले, "टाकी लहान कर. आग आधी संपली पाहिजे, पाणी नंतर."

मी थांबलो. कॅप्टन विल्सनला भीती होती की आग आधी विझेल. आजोबांना भीती होती की आग उरेल आणि पाणी संपेल. एकाला पोचायचं होतं, दुसऱ्याने एका माणसाचे डोळे जाताना बघितले होते. मी टाकी २५ मिलिलिटरची केली. वीस मिनिटं, बस्स.

पाण्यावर

मागच्या रविवारी गच्चीवर लहान मुलांचा हवेचा मोठा टब भरला. बिल्डिंगची पोरं जमली. आजोबा खुर्ची टाकून बसले, गेजकडे तोंड करून. दहा मिनिटांत काटा ३० वर गेला, सेफ्टी व्हॉल्व्ह फुसकन उडाला, पोरं मागे सरली आणि आजोबा पहिल्यांदा हसले. "बरोब्बर," एवढंच म्हणाले.

झडप उघडली. इंजिनाने आधी चमचाभर गरम पाणी थुंकलं, सगळी नवी इंजिनं थुंकतात. मग चाकं फिरली. छप-छप-छप. माझ्या इंजिनाची ताकद दोन वॅटसुद्धा नाही, तुमच्या मोबाइलचा चार्जर याच्या कितीतरी पट आहे. पण तेवढ्यावर सहा किलोची बोट टबभर फिरली, कडेला लागली, पोरांनी वळवली, परत निघाली. वाफ पेटवण्यात गेलेलं स्पिरिट धरून सतराव्या मिनिटाला दिवा विझला. काचेत पाणी खालच्या खुणेच्या चांगलं वर होतं.

एका पोराने विचारलं, "काका, अजून स्पिरिट घाला ना."

मी उत्तर द्यायच्या आत आजोबा म्हणाले, "आधी थंड होऊ दे. मग पाणी. मग आग. पाठ करा."

पोरांनी पाठ केलं. मीही केलं.

आज इतकंच. बोटीचे फोटो आणि माप टाकतो. एकच विनंती, कोणी बॉयलर विकत घेत असाल तर सांधा कशाचा आहे ते आधी विचारा, आणि घरात कोणी गिरणीत, गोदीत, रेल्वेत बॉयलरवर होतं का तेही विचारा. हातावरचा चट्टा तेलाचा आहे असं म्हणाले, तर परत एकदा विचारा.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून राहा, मंडळी!